शेवटचे चाळीस फूट

मुंबईत भाड्याची जागा दाखवताना एजंट हवा, उजेड आणि स्टेशन यांच्याबद्दल भरभरून बोलतो. मुरलेला मुंबईकर ते ऐकून घेतो आणि मग विचारतो, "पाण्याचं काय?" त्यात सगळं आलं. पाणी किती वाजता सुटतं, टाकी सामाईक की वेगळी, पंप कोण चालू करतं, आणि नळ बिघडला तर भांडायचं कुणाशी. मी वाईची, कृष्णाकाठची. बदलीवर दादरला आले तेव्हा हे चारही प्रश्न ऑफिसातल्या मैत्रिणींनी पढवूनच पाठवलं होतं. पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एजंटाने फाडफाड दिली. चौथ्याला तो नुसता हसला.

जागा हिंदू कॉलनीत. तळमजला अधिक तीन, 1930 च्या दशकातली इमारत, गोलाई दिलेल्या गॅलऱ्या, उंच छत, पायाला गार लागणारी मोझेकची फरशी. इथले जुने लोक फ्लॅट म्हणत नाहीत, ब्लॉक म्हणतात. इमारत एका ट्रस्टची, ब्लॉक पागडीचा, म्हणजे ठोक रक्कम मोजून घेतलेल्या भाडेहक्काचा. भाड्याची पावती ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ ठाण्याला मुलाकडे राहतात. ट्रस्टची लेखी संमती घेऊन त्यांनी तो मला अकरा महिन्यांच्या करारावर दिला. म्हणजे माझे मालक हे स्वतःच भाडेकरू. ते ट्रस्टला महिन्याकाठी जे भरतात त्यात दादरहून फोर्टपर्यंतची टॅक्सीही होणार नाही. मी त्यांना काय देते तो आकडा इथे लिहीत नाही. करारात एक कलम होतं: किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, मोठी दुरुस्ती मालकाने. किरकोळ कुठे संपतं आणि मोठी कुठे सुरू होते, याबद्दल करारात अक्षर नव्हतं. माझा जन्म बँकेत लोकांच्या कागदांवर खुणा करण्यात गेला, त्यामुळे त्या कलमाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती.

सामान लागतं न लागतं तोच बाथरूमच्या नळाची धार बारीक होत गेली. सकाळची पहिली बादली कोऱ्या चहाच्या रंगाची. मग खालच्या काकू वर आल्या. "तुमच्या बाथरूमखाली माझी मोरी आहे. छताला ओल आलीय, चुना पडतोय घासलेल्या भांड्यांत. तुम्ही नवीन आहात म्हणून शांतपणे सांगतेय," असं म्हणून त्या खरंच शांतपणे खाली गेल्या.

मी ठाण्याला फोन केला. "पाइप इमारतीचा आहे, ट्रस्टला सांगा," मालक म्हणाले. ट्रस्टच्या कचेरीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "पावती कुणाच्या नावावर? मग तुम्ही कोण?" शिवाय आतली दुरुस्ती भाडेकरूची, असं त्याचं म्हणणं. महापालिकेची जबाबदारी फाटकाशी मीटरपाशी संपते. आपापल्या जागी तिघेही बरोबर. मीटरपासून तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बादलीपर्यंत चाळीसेक फूट पाइप आहे, आणि तो कुणाचाच नाही.

त्याआधीचा पाण्याचा सगळा प्रवास मात्र पक्क्या कागदांवर आहे. मुंबई बेटाला नदी नाही. तलाव आणि विहिरी यांच्यावर शहर जगायचं. 1854 सालच्या टंचाईत त्या आटल्या, आणि बोटींनी, नुकत्याच सुरू झालेल्या रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. मग साष्टीत मिठी नदीचं पाणी अडवून विहारचा तलाव बांधायचं ठरलं. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. 1856 साली काम सुरू झालं आणि 1860 साली लोखंडी नळांतून पाणी शहरात आलं. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली निघालं तेव्हा मुंबईला नळ माहीत होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षीच्या शिरगणतीत शहराची वस्ती 8,16,562 भरली. कापसाच्या तेजीने माणसं लोटत होती. विहार पुरेना. 1879 साली तुळशी झाला, 1892 साली शहापूर तालुक्यातला तानसा. तानसाचं पाणी उताराने, पंपाशिवाय, मैलोन् मैल चालत शहरात येऊ लागलं. आजही मुंबईला सात तलाव पाणी पाजतात, आणि त्यांतलं बरंचसं पाणी गुरुत्वाकर्षणाच्याच भरवशावर येतं. इतक्या लांबून, इतक्या शिस्तीत आलेलं पाणी माझ्या इमारतीच्या फाटकाशी येऊन वारसाहक्काच्या भांडणात अडकतं, याची मला गंमतही वाटली आणि चीडही आली.

नळ आला म्हणजे लोकांनी लगेच पाण्याला तोंड लावलं असं नाही. नळाच्या आतला वायसर चामड्याचा असे, आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकाला चामड्यावरून आलेलं पाणी कसं चालणार? शिवाय तोच नळ, तेच पाणी, सगळ्या जातींना. माझ्या वडिलांची आत्या गिरगावातल्या चाळीत राहायची. देवाच्या पाण्यासाठी ती हट्टाने विहिरीवर जाई. पण विहिरींचे दिवस भरत आले होते. 1911 साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला आणि हिवतापाचे डास शहरातल्या विहिरी-टाक्यांत वाढतात हे दाखवलं. त्यानंतर विहिरी बुजवण्याचा सपाटा सुरू झाला, काहींवर झाकणं बसली. लोकांनी धर्माच्या नावाने विरोधही केला. फोर्टातली भिका बेहराम विहीर राहिली. बाकीच्या कित्येकांचा आज मागमूस नाही. आत्याची विहीरही गेली. तेव्हा वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, आणि नळ म्हणजे वाहतं पाणीच, असा तोडगा तिने स्वतःच काढला. कुठल्या शास्त्रात तो आधार सापडला असता कोण जाणे, पण चाळीतल्या बाकीच्या सोवळ्यांनीही तो बिनतक्रार मानला. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण आणि धड शिडी हवी, नाहीतर कीटकनाशक खात्याची नोटीस येते, हा नियम त्याच हिवतापाच्या वारशातला.

दादर-माटुंगा ही वस्ती दुसऱ्या रोगाची देणगी. 1896 साली प्लेग आला, 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि गर्दीतून माणसं बाहेर काढायची म्हणून उत्तरेला आखीव रस्ते, मोकळे भूखंड पाडले गेले. तिथे 1920-30 च्या दशकांत ज्या इमारती उठल्या त्या राहणाऱ्यांनी बांधलेल्या नव्हत्या. पैसेवाल्याने भूखंड घ्यायचा, तीन मजले चढवायचे आणि कारकून, शिक्षक, वकील यांना भाड्याने द्यायचे. भाडं हे उत्पन्न आणि इमारत ही ठेव. मालकीचे फ्लॅट सर्रास झाले ते फार पुढे. त्यांच्यासाठीचा महाराष्ट्राचा कायदा 1963 सालचा.

या ब्लॉकांत खरी क्रांती कुठे झाली असेल तर ती संडासात. निखिल राव यांनी मुंबईच्या या उपनगरी घरांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे, आणि घरात आलेला संडास हा त्यातला कळीचा विषय आहे. चाळीत संडास सामाईक, गॅलरीच्या टोकाला. त्याआधीच्या टोपल्यांच्या संडासांत मैला हाताने उचलला जाई. त्या कामासाठी दोन इमारतींमध्ये अरुंद घाणेरड्या गल्ल्या सोडलेल्या असत आणि महापालिका त्यासाठी ‘हलालखोर कर’ नावाचा वेगळा कर घेई. 1888 च्या कायद्यात तो त्याच नावाने होता. असा संडास घरात, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर आणायला ब्राह्मणी मध्यमवर्ग तयार कसा झाला? पाण्याने वाहून नेणारी गटारं आली म्हणून, आणि तरीही साफ करणारा माणूस घरातून जाणार नाही अशी सोय केली म्हणून. आमच्या इमारतीच्या पाठीला लोखंडी चक्री जिना आहे. प्रत्येक मजल्यावर त्याचं एक दार बाथरूमकडे उघडतं. आता ते खिळे मारून बंद आहे आणि जिन्यावर कुंड्या ठेवल्यात. त्या जिन्याची नक्षी फार सुंदर आहे. तो कशासाठी होता हे कळल्यापासून मी पाहुण्यांना तो कौतुकाने दाखवणं सोडलं.

आता चाळीस फुटांकडे येते.

पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि 1918 साली मुंबईत भाडेनियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. मग 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं ते ‘प्रमाण भाडं’, त्याच्यावर मालकाने मनाला येईल तसं वाढवायचं नाही, आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढायचं नाही. फाळणीनंतर निर्वासित येत होते, गिरण्या जोरात होत्या. हा कायदा नसता तर माझ्यासारख्या नोकरदारांचे संसार रस्त्यावर आले असते. कायदा तात्पुरता होता, आणि दरवेळी मुदत वाढवत तो पन्नासहून अधिक वर्षं तात्पुरताच राहिला. हा कायदा वाईट होता असं सांगणारे बहुतेक घरमालक निघतात आणि चांगला होता म्हणणारे पागडीवाले. मी दोन्ही नाही, म्हणून मी हिशेब करून पाहिला.

कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावरच ठेवली होती. त्याने ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस द्यायची, तरीही नाही केली तर स्वतः करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. मात्र वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कापता येत नाही. 1999 च्या नव्या कायद्यातही हे कलम तसंच आहे. आमच्या ब्लॉकचं प्रमाण भाडं 60 रुपये होतं. माझ्या मालकांनी जुनी पावती दाखवली, तिच्यावर एका आण्याचं तिकीटही शाबूत आहे. वर्षाचे झाले 720. चौथा हिस्सा 180. 1947 साली 180 रुपयांत पाइपाची अख्खी लाइन बदलून वर पितळी नळ आले असते. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा पाइप तीस-चाळीस वर्षं टिकला तर खूप, म्हणजे 1930 च्या दशकातली लाइन मरायला टेकली ती साधारण 1970 च्या सुमाराला. तेव्हा पाइप, प्लंबर, सिमेंट यांचे भाव कुठल्या कुठे गेले होते आणि भाडं होतं तिथेच होतं. साठ रुपयांसाठी मालक कशाला दमडी खर्च करील? आणि भाडेकरू तरी दुसऱ्याच्या इमारतीत पैसे का ओतील?

तरी कुणाला तरी अंघोळ करायची होतीच. मग ज्याला परवडलं त्याने स्वतःपुरती वेगळी लाइन टाकली. पहिल्या मजल्याच्या डॉक्टरांनी टाकली, मग त्यांच्या समोरच्यांनी. काहींनी खाली स्वतःचा पंपही बसवला आणि त्याला पिंजरा करून कुलूप लावलं. काकू लग्न होऊन इथे आल्या तेव्हा महापालिकेचं पाणी आपल्या जोरावर तिसऱ्या मजल्यावर चढायचं, असं त्या सांगतात. पुढे पाणी ठरावीक वेळेपुरतं झालं, जोर ओसरला, जमिनीखाली एक टाकी आणि गच्चीवर एक अशी जोडी बसली. आज इमारतीच्या मागे उभं राहून वर पाहिलं की भिंतीवर पाइपांची जुडी दिसते: जाड, बारीक, काळे, चंदेरी, पांढरे, काही चालू, काही कधीच मेलेले. कोणत्या वर्षी कुणाकडे पैसे आले, कुणाचं मालकाशी बिनसलं, कुणी मुलाच्या लग्नाआधी बाथरूम नवं केलं, हे सगळं काकू त्या भिंतीवरून वाचून दाखवतात. भाडेकायद्याचा याहून सरळ इतिहास मी कुठल्या निकालपत्रात वाचला नाही.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकार जागं झालं. 1969 च्या कायद्याने शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून दुरुस्ती करायला मंडळ नेमलं गेलं. उपकरप्राप्त इमारती भरल्या 19,642. पण मंडळाचं काम इमारत उभी ठेवायचं. खांब, तुळया, जिने. नळाची धार हा त्याचा विषय नाही. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालं आहे असं स्पष्ट म्हटलं, आणि 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. साठ रुपयांवर चार टक्के म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. पागडी, जी इतकी वर्षं टेबलाखालून चालायची, ती या कायद्याने टेबलावर आली. प्लंबरचा प्रश्न जिथल्या तिथे.

प्लंबर मीच बोलावला. मुंबई-पुण्यातले कितीतरी प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचे असतात. तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. आमचा मिस्त्रीही तिकडचाच. पन्नाशीचा, अबोल, काखेत चेन पाना. त्याने आधी नळ उघडलाच नाही. भिंतीवर बोटं फिरवली, दोन जागी कान लावला, मग गच्चीवर गेला. खाली आल्यावर म्हणाला, "मॅडम, नल में कुछ नहीं है. लाइन मर गयी है." बाथरूमच्या दाराशी त्याने प्लॅस्टर फोडलं, हॅक्सॉने दीडएक वीत पाइप कापला आणि माझ्या हातात ठेवला.

बाहेरून तो अर्ध्या इंचाचा पाइप, जस्ताचा चंदेरी मुलामा अजून इथेतिथे टिकलेला. आत मात्र गंजाच्या पापुद्र्यांवर पापुद्रे चढून, गाठी होऊन, मध्ये एक वेडंवाकडं भोक उरलेलं. त्यातून पेन्सिलसुद्धा गेली नसती. नखाने टोकरलं तर वरचा थर विटकरी, खालचा काळाकुट्ट, आणि त्याला ओल्या नाण्यांसारखा वास. एल्बोजवळ आट्यांमध्ये तागाचे धागे आणि सफेदा अजून अडकलेला होता. टेफलॉन टेप येण्याआधी सांधे असेच भरत. ताग कुजला होता आणि तिथूनच थेंब थेंब काकूंच्या मोरीत जात होता. मिस्त्रीने आट्यांवरून अंगठा फिरवला. "काम अच्छा किया था जिसने किया," एवढंच बोलला. आता तो स्वतः आटे पाडतच नाही. सीपीव्हीसीचा पाइप कापायचा, सोल्युशन लावायचं, धरून ठेवायचा, झालं. डाय आणि तेलाची बाटली अजून पिशवीत बाळगतो, पण कशासाठी ते त्याने सांगितलं नाही.

गच्चीपासून बाथरूमपर्यंत नवी लाइन टाकायची तर जुनी काढून त्या जागी टाकणं सोपं होतं. पण जुनी लाइन ट्रस्टची मालमत्ता. ती काढायला ट्रस्टची परवानगी हवी, परवानगीला विश्वस्तांची सभा हवी, आणि सभा पुढच्या तिमाहीत. नवी शेजारून न्यायला मात्र हरकत नव्हती. फक्त कारकुनाने एका कागदावर सही मागितली: सदर नळजोडणीमुळे भाडेकरूस अथवा त्याच्या वतीने राहणाऱ्यास जागेवर कोणताही जादा हक्क प्राप्त होणार नाही. मी मनात म्हटलं, अकरा महिन्यांच्या बाईला कसला हक्क लागतोय. पण मालक चिडले. ते ठाण्याहून आले, कागद दोनदा वाचला, ‘जादा’ या शब्दावर कारकुनाशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी "विरोध नोंदवून" असं लिहून सही केली. पाइपाचे पैसे मी दिले. ते अनामत रकमेत धरायचे की भाड्यात कापायचे हे अजून बोलणीतच आहे, आणि भाड्यात कापायचे तर कुणाच्या, माझ्या की त्यांच्या, याचं उत्तर कायद्याच्या कलमात मला तरी सापडलं नाही. कागदाला साक्षीदार हवा होता म्हणून काकूंना वर बोलावलं. त्यांनी सही करण्यासाठी पेन घेतलं, टोपण काढलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण माझ्या मोरीच्या छताला चुना कोण लावून देणार?" मालकांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने माझ्याकडे.